फुटबॉलची अकादमी व घरचें मूल

मनुष्याच्या अंगीं ईश्वरानें ज्या निरनिराळ्या शक्ति ठेविल्या आहेत, त्या सर्वांचा विकास करणें हें शिक्षणाचें ध्येय होय, असें आपण नेहमीं म्हणतों. ह्या शक्तींत बुद्धीइतकेंच शरीरालाहि स्थान आहे. आणि म्हणूनच शाळेच्या वेळापत्रकांत गणित व व्याकरण ह्यांच्या शेजारीं खेळाचा तास असतो. परंतु अलीकडे ह्या खेळाच्या तासांतून एक निराळाच प्रश्न उत्पन्न झाला आहे. एखादा मुलगा फुटबॉल चांगला खेळूं लागला, तालुक्याच्या सामन्यांत त्यानें दोन-चार गोल केले, कीं घरीं विचार सुरू होतो, ‘ह्याला पुण्याच्या किंवा नव्या मुंबईच्या अकादमींत घालावें काय?’ कळमनुरीहून पुणें म्हणजे एका रात्रीचा बसचा प्रवास. पण त्या एका रात्रींत मुलाचें घर, शाळा व सोबती मागें राहतात, आणि पुष्कळदां साऱ्या कुटुंबाच्या संसाराची घडी बदलते. एवढा मोठा निर्णय बहुतेक घरीं पुरेशा माहितीवांचून घेतला जातो. यास्तव अकादमी म्हणजे काय, ती कशी चालते, तिच्यापासून लाभ कोणता, आणि तिचें ओझें मुलावर व आईबापांवर कसें पडतें, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

फुटबॉल हा खेळ आपल्या देशांत आला तो पलटणींबरोबर व मिशनच्या शाळांबरोबर. गोव्यांत १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या इंग्रज धर्मगुरूंनीं शिवोली येथें मुलांना हा खेळ शिकविला, असें तेथील इतिहास सांगतो. श्रीनगरच्या मिशनशाळेंत १८९१ सालीं टिंडल-बिस्को ह्यांनीं चेंडू नेला, तेव्हां चामड्यास पाय लावावयाचा नाहीं म्हणून उच्च कुळांतील विद्यार्थ्यांनीं खेळण्यास साफ नकार दिला होता. गुरुजींच्या आग्रहामुळें त्यांना मैदानांत उतरावें लागलें, आणि पुढें तोच खेळ त्या शाळेचें भूषण झाला. ह्या शिक्षकांचा हेतु काय होता? मुलांनीं धीट व्हावें, पडल्यावर रडत बसूं नये, जातीचा व कुळाचा अभिमान विसरून एकमेकांस साह्य करावें, आणि पराजय हंसतमुखानें सोसावा, एवढाच. आपल्या महाराष्ट्रांत कोल्हापुरानें ह्या खेळास आणखी एक रूप दिलें. तेथें पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ह्या मूळच्या कुस्तीच्या आखाड्यांनीं फुटबॉलचे संघ उभे केले, व पेठेपेठेंतील मुलगा आपल्या तालमीच्या अभिमानानें शाहू स्टेडियमवर खेळूं लागला. तेथें चुरस आहे, प्रसंगीं भांडणेंहि आहेत; परंतु खेळ संपला कीं मुलगा आपल्या घरीं, आपल्या आईच्या हातची भाकरी खावयास येतो.

अकादमीची कल्पना ह्याहून वेगळी आहे. लहानपणींच होतकरू मुलें निवडावयाचीं, तीं एके ठिकाणीं ठेवून त्यांस एकाच खेळाचें नियमित व शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावयाचें, आणि त्यांतून पुढें क्लबांसाठीं व देशासाठीं खेळाडू तयार करावयाचे, ही ती कल्पना. भारतांत हिला खरें स्वरूप आलें तें १९८७ सालीं, जमशेदपूर येथें टाटा फुटबॉल अकादमी निघाली तेव्हां. गोव्यांत १९९९ सालीं सेसा अकादमी सुरू झाली. महाराष्ट्र शासनानें १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी चालविल्या असून त्यांतील प्रमुख प्रबोधिनी पुण्याजवळ बालेवाडी येथें आहे. नव्या मुंबईंत २०१५ सालीं रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी निघाली.

ह्या सर्व संस्था सारख्या नाहींत, हें पालकांनीं प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पहिला वर्ग शासकीय प्रबोधिनींचा. तेथें उंची, वजन, धांवणें, उडी, अंगाचा लवचिकपणा इत्यादि चाचण्या घेऊन मुलें निवडतात, व त्यांच्या राहण्याजेवण्याचा आणि शिक्षणाचा भार शासन उचलतें. दुसरा वर्ग क्लबांनीं व उद्योगसंस्थांनीं चालविलेल्या निवासी अकादमींचा. त्यांतील उत्तम संस्था निवडलेल्या मुलाकडून पैसा घेत नाहींत, परंतु निवड फार कठीण असते. तिसरा वर्ग फी घेऊन शिकविणाऱ्या संस्थांचा, आणि संख्येनें हाच वर्ग सर्वांत मोठा आहे. ह्यांतील कांहीं फार चांगलें काम करितात. कांहीं केवळ व्यापार करितात. परदेशांतील एखाद्या नामांकित क्लबाचें नांव व चिन्ह करारानें वापरणाऱ्या संस्थाहि ह्यांत सांपडतात. दारावर तें चिन्ह पाहून, तो क्लब आपल्या मुलास पुढें आपल्या संघांत घेईल, असें कोणीं समजूं नये.

आतां लोकांस ह्या मार्गाचें एवढें आकर्षण कां वाटतें, तें पाहूं. कोल्हापूरच्या अनिकेत जाधव ह्याचें उदाहरण सर्वांच्या तोंडीं आहे. रिक्षा चालविणाऱ्या वडिलांचा हा मुलगा बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकला, तेथून पुण्याच्या क्लबाच्या अकादमींत गेला, आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली तेव्हां देशाच्या संघांत मैदानावर उतरला. त्या स्पर्धेपूर्वीं, १५ सप्टेंबर २०१७ रोजीं, महाराष्ट्र शासनानें राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळावयास लाविलें होतें. त्या दिवशीं खेड्यापाड्यांतील कित्येक पोरांच्या पायाला पहिल्यानेंच खरा फुटबॉल लागला. ह्याशिवाय खेळाडूंस दहावी-बारावीच्या परीक्षेंत मिळणारे वाढीव गुण, व शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं राखून ठेविलेल्या शेंकडा ५ जागा, हींहि आकर्षणें आहेतच. ज्या घरीं सोयाबीन व हळद ह्यांच्या पट्टीवर वर्षाचा खर्च अवलंबून असतो, त्या घरीं मुलाच्या पायांत दडलेली नोकरी दिसूं लागली तर त्यांत आश्चर्य तें काय?

परंतु येथेंच थोडें अंकगणित करणें अवश्य आहे. सतरा वर्षांखालील त्या भारतीय संघांत मुलें होतीं २१. सबंध देशांतून, वर्षानुवर्षें शोध करून, एका पिढींतून निवडलेलीं एवढींच मुलें! तीन सामन्यांत तीन पराभव पदरीं घेऊन तीं परतलीं. त्यांपैकीं कांहीं पुढें भारताच्या मुख्य संघांत पोंचलीं, तर कांहींचीं नांवें हळूहळू दिसेनाशीं झालीं. पोटापाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर देशांतील सर्वांत वरची स्पर्धा म्हणजे २०१४ सालीं सुरू झालेली इंडियन सुपर लीग. २०२४-२५ च्या हंगामांत तींत १३ क्लब होते. प्रत्येक क्लबांत पंचवीस ते तीस भारतीय खेळाडू धरिले, तरी साऱ्या भारतांत मिळून जागा होतात साडेतीनशेंच्या आसपास. आणि त्यांतील एकेक जागा एकच खेळाडू दहा दहा वर्षें धरून बसतो. म्हणजे दरवर्षीं नव्या मुलासाठीं मोकळ्या होणाऱ्या जागा किती थोड्या असतील, ह्याचा हिशेब आमच्या सातवींतल्या विद्यार्थ्यासहि करतां येईल.

त्यांत ह्या जागा स्थिर नाहींत. पुण्याचेंच उदाहरण घ्या. पुणें एफ. सी. हा क्लब २००७ सालीं निघाला. त्याची अकादमी नांवाजलेली होती. २०१५ नंतर तो क्लब बंद पडला, व २०१६ सालीं त्याची अकादमी एफ. सी. पुणें सिटी ह्या दुसऱ्या क्लबानें घेतली. २०१९ सालीं तो क्लबहि संपला, व लीगमधील त्याची जागा हैदराबादेस गेली. त्याच शहरांत लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्यानें निवासी अकादमी चालविणारा डी. एस. के. शिवाजीयन्स हा क्लब २०१७ नंतर आय-लीगमध्यें उरला नाहीं. एकाच शहरांत थोडक्या वर्षांत तीन संघ नाहींसे झाले. पुढें जुलै २०२५ मध्यें तर इंडियन सुपर लीगचाच येणारा हंगाम स्थगित केल्याचें जाहीर झालें, आणि मिळवित्या खेळाडूंच्या घरींहि चिंता पसरली. क्लब बंद होतो तेव्हां मोठ्या खेळाडूस दुसरा क्लब शोधतां येतो. पण आठवी-नववींत असलेल्या मुलाचें काय? त्याची शाळा, वसतिगृह, गुरु व सोबती हे सर्व एका पत्रानें सुटतात. दोष मुलाचा नसतो, पण अपयश आपलेंच, असें त्यास वाटतें.

ह्यापुढचा विचार मुलाच्या शरीराचा. बारा ते पंधरा ह्या वयांत हाडें झपाट्यानें वाढतात; त्यांच्या टोकांशीं वाढीचा जो भाग असतो तो अजून कोंवळा असतो. ह्याच काळांत रोज धांवणें, उड्या मारणें व चेंडूस जोरानें लाथ मारणें प्रमाणाबाहेर झालें, तर गुडघ्याखालीं, जेथें मांडीच्या स्नायूचा दोर नडगीच्या हाडास येऊन मिळतो, तेथें सूज येऊन तीव्र वेदना होतात. ऑसगुड व श्लाटर ह्या दोन वैद्यांनीं १९०३ सालीं ह्या विकाराचें वर्णन केलें, म्हणून त्यांच्या नांवानें तो ओळखला जातो. टांचेच्या हाडासहि अशीच पीडा होते. ह्यावर उपाय म्हणजे खेळ कमी करणें, विश्रांति, व हळूहळू पुन्हां सुरुवात. परंतु निवडीची परीक्षा तोंडावर आलेली असतांना मूल विश्रांति मागत नाहीं. तें वेदना लपवितें. ‘दुखतें’ असें म्हटलें तर आपली जागा जाईल, ह्या भीतीनें गुडघ्याला पट्टी बांधून धांवणारें मूल शूर नव्हे, तर घाबरलेलें असतें, हें आपण मोठ्यांनीं ओळखलें पाहिजे.

निवडींतहि शरीराचा एक विलक्षण खेळ आहे, व तो पालकांस ठाऊक असावा. वयोगट १ जानेवारीपासून मोजितात. म्हणून एकाच वयोगटांत एक मुलगा जानेवारींत जन्मलेला व दुसरा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जन्मलेला असूं शकतो. दहा-बारा वर्षांच्या वयांत अकरा महिन्यांचें अंतर थोडें नसतें. पहिला उंच, बळकट व वेगवान दिसतो. तो निवडला जातो. निवडल्यामुळें त्यास चांगला गुरु व अधिक सामने मिळतात. आणि त्यामुळें तो खरोखरच पुढें जातो. दुसऱ्याची बुद्धि व पाय कदाचित् अधिक चांगले असतील, पण त्याला कोणी पाहिलेंच नाहीं. कॅनडांतील बर्फावरच्या हॉकींत हा प्रकार १९८० नंतरच्या दशकांत प्रथम नजरेस आला, आणि पुढें फुटबॉलमध्येंहि सर्व देशांत तो दिसून आला. शिवाय कांहीं मुलें लवकर वयांत येतात, कांहीं उशिरां. तेव्हां बाराव्या वर्षीं ‘नापसंत’ असा शेरा मिळाला, तर तो मुलाच्या गुणांवरचा अखेरचा निकाल नव्हे. पुष्कळदां तो केवळ त्याच्या जन्ममहिन्यावरचा शेरा असतो. खेदाची गोष्ट ही कीं, ह्या अडचणींतून वाट काढण्यासाठीं कांहीं ठिकाणीं जन्माच्या दाखल्यांतच फेरफार करण्यांत येतो. आतां मनगटाच्या हाडाचें छायाचित्र घेऊन वयाची परीक्षा करितात, व लबाडी उघडकीस येते. पण त्याहून वाईट तें हें कीं, त्या मुलाच्या खेळाचा आरंभच असत्यानें झालेला असतो, आणि तें असत्य त्याला त्याच्या वडीलधाऱ्यांनींच शिकविलेलें असतें.

शरीरामागून मन. घरापासून दूर राहणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलास रात्रीं आई आठवते, ही कांहीं दुर्बलता नव्हे. परंतु अकादमींत प्रत्येक सोबती हा प्रतिस्पर्धीहि असतो. मन मोकळें करावयाचें तरी कोणापाशीं? फोनवर बापानें विचारावें, ‘आज किती गोल केलेस?’ आणि मुलानें खोटेंच सांगावें, ‘दोन.’ हळूहळू त्या मुलास वाटूं लागतें कीं, घरच्या माणसांचें आपल्यावर जें प्रेम आहे तें आपल्या खेळावर आहे. खेळ गेला कीं तें प्रेमहि जाईल. बालमनावर पडणारें हें सर्वांत जड ओझें होय. सकाळीं व संध्याकाळीं सराव असल्यामुळें मध्यें उरलेल्या वेळांत शाळा कशीबशी उरकली जाते. वर्गांत डोळे मिटूं लागतात. ‘खेळाडूला गणित काय करावयाचें?’ असें म्हणणारेहि भेटतात. आणि सोळाव्या किंवा अठराव्या वर्षीं निरोप मिळाला, म्हणजे त्या मुलाच्या हातीं ना चेंडू, ना पुस्तक, अशी स्थिति होते. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशांत, जेथें मोठे क्लब नऊ वर्षांच्या मुलांस आपल्या अकादमींत नोंदवून घेतात, तेथेंहि बहुसंख्य मुलांना ह्याच दोन वयांच्या उंबरठ्यावर निरोप दिला जातो. आणि निरोप मिळालेल्या मुलांस पुढें आधार कसा द्यावा, हा तेथील क्लबांपुढचा मोठा प्रश्न झाला आहे.

कुटुंबावर पडणारा भार तर डोळ्यांना दिसणारा आहे. फी, बूट, प्रवास, दूध-अंडीं, सामन्यांचे दौरे ह्यांसाठीं आईचे दागिने गहाण पडतात, कोठें एखाद्या एकराचा सौदा होतो. एका भावाच्या खेळासाठीं बहिणीची शिकवणी बंद होते. तिनें तक्रार केली नाहीं म्हणून तिला दुःख झालें नाहीं, असें मानूं नये. कांहीं घरीं आई मुलाबरोबर शहरांत खोली घेऊन राहते, व बाप गांवीं शेत संभाळतो. असा त्याग पाहून मन भरून येतें. परंतु त्याग करणाऱ्यानें तो मुलाला रोज बोलून दाखविला, तर त्यागाचें कर्ज होतें, आणि तें कर्ज फेडण्यासाठीं मूल खेळूं लागतें. त्यांतील आनंद त्याच दिवशीं संपतो. सामन्याच्या वेळीं रेषेबाहेर उभें राहून स्वतःच्या मुलावर, पंचावर व समोरच्या पोरांवर ओरडणारे पालक सर्व देशांत आहेत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें २००८ सालीं ‘आदर’ नांवाची मोहीम काढून मुलांच्या सामन्यांत पालकांस दोरीच्या मागें उभें करण्याची पद्धत घातली, ती ह्याच कारणास्तव.

मूल दुसऱ्याच्या हवालीं करितांना त्याच्या सुरक्षिततेचा विचार सर्वांच्या आधीं झाला पाहिजे. ब्राझीलमधील फ्लामेंगो हा जगद्विख्यात क्लब. त्याच्या रिओ शहरांतील प्रशिक्षणकेंद्रांत मुलें लोखंडी पेट्यांसारख्या खोल्यांतून निजत असत. ८ फेब्रुवारी २०१९ रोजीं पहांटे तेथें आग लागली, आणि १४ ते १६ वर्षांचीं १० मुलें मृत्यु पावलीं. क्लबाच्या कीर्तीनें त्यांचें रक्षण झालें नाहीं. एखादें जास्तीचें दार असतें तर कदाचित् झालें असतें. जून २०२३ मध्यें पोर्तुगाल देशांत पोलिसांनीं एका अकादमीवर छापा घातला, तेव्हां परदेशांतून आणलेले ४७ तरुण व मुलगे तेथें आढळले, व त्यांपैकीं ३६ अज्ञान होते. खेळाच्या आशेनें त्यांच्या घरच्यांनीं त्यांना पाठविलें होतें. अठरा वर्षांखालील खेळाडूस एका देशांतून दुसऱ्या देशाच्या क्लबांत नेण्यास जागतिक संघटनेची, म्हणजे फिफाची, कांहीं अपवाद सोडून बंदी आहे. बार्सिलोनासारख्या क्लबालाहि हा नियम मोडल्याबद्दल २०१४ सालीं शिक्षा झाली. तेव्हां ‘तुमच्या मुलाला युरोपांत नेतों’ असें सांगून पैसे मागणाऱ्यास दारांतूनच नमस्कार करावा. आपल्या देशांतहि सावध राहण्याचें कारण आहे. २०२२ सालीं सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय संघाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकास गैरवर्तनाच्या आरोपावरून परदेशदौऱ्यांतून परत बोलावून काढून टाकण्यांत आलें. बालकांच्या संरक्षणासाठीं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि संकटांतील कोणत्याहि मुलास १०९८ ह्या क्रमांकावर विनामूल्य फोन करतां येतो. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें पाठ करावा.

आतां सहीचा प्रश्न. १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास करार करतां येत नाहीं; म्हणून अकादमीच्या कागदावर सही असते ती पालकांची. त्या कागदांत काय लिहिलें आहे, तें किती जण वाचतात? मुलाचें नांव एकदां क्लबाकडे नोंदलें गेलें, कीं मध्येंच दुसऱ्या क्लबाकडून खेळण्यास पहिल्याची मोकळीक लागते. ह्यामागें पैशाचाहि संबंध आहे. बारा ते एकवीस वर्षांच्या वयांत ज्या क्लबांनीं खेळाडूस शिकविलें, त्यांना तो खेळाडू धंदेवाईक झाल्यावर शिक्षणाचा मोबदला मिळावा, असा फिफाचा नियम आहे. नियम न्याय्य आहे, कारण त्यामुळें लहान क्लबांच्या श्रमाचें चीज होतें. पण त्याचा अर्थ असाहि होतो कीं, आपलें मूल हें संस्थेच्या दृष्टीनें एक गुंतवणूकहि असतें. हें जाणून सही केली तर फसगत होणार नाहीं.

इतकें वाचून कोणी म्हणेल, ‘मग मुलांना खेळूंच देऊं नये काय?’ मुळींच नाहीं. देवानें दिलेली देणगी मातींत पुरून ठेवणें हेंहि पापच. चांगल्या अकादमींत शिस्त, पौष्टिक अन्न, जाणता गुरु व गांवाबाहेरचें जग ह्यांचा लाभ होतो, आणि एखाद्या गरीब घरच्या मुलाचें आयुष्य खरोखर उजळतें. प्रश्न खेळाचा नाहीं, घाईचा आहे. नॉर्वे देशाची वस्ती अवघी पंचावन्न लाखांच्या घरांत. तेथें १९८७ पासून मुलांच्या खेळाविषयीं राष्ट्रीय नियम आहेत, व २००७ सालीं मुलांचे खेळांतील हक्कच लिहून काढले आहेत. अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावीत नाहींत. मुलांनीं अनेक खेळ खेळावे, व आपल्या इच्छेनें खेळावे, असा दंडक आहे. असें असूनहि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकांत त्याच देशानें १६ सुवर्णपदकें मिळविलीं, आणि कोणत्याहि देशापेक्षां तीं अधिक होतीं. तेव्हां लहानपणीं ओझें कमी ठेविलें म्हणजे मोठेपणीं यश कमी मिळतें, असें म्हणतां येत नाहीं.

आणि आपल्या नागपूरचें उदाहरण तर ह्याहून जवळचें आहे. हिस्लॉप ह्या मिशनच्या महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे ह्यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतलीं मुलें पावसांत एका मोडक्या बादलीलाच चेंडू समजून खेळत असलेलीं पाहिलीं. त्यांनीं त्यांना फुटबॉल दिला, सामने भरविले, आणि त्यांतून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. २०२२ सालीं निघालेला नागराज मंजुळे ह्यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्याच कार्यावर आधारलेला आहे. तेथें मुलास पहिला प्रश्न ‘तूं किती चांगला खेळतोस?’ असा नसतो. तूं आलास हेंच पुरेसें असतें. त्या मुलांपैकीं फार थोडीं धंदेवाईक खेळाडू झालीं असतील. पण व्यसनांतून व निराशेंतून वांचलेलीं मुलें मोजावयाचीं झालीं, तर त्या शिक्षकाचा संघ अजिंक्य म्हणावा लागेल.

म्हणून पालकांस नम्र विनंति आहे कीं, सही करण्यापूर्वीं पुढील गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्या व विचाराव्या. मूल कोठें निजणार, तेथें आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, व रात्रीं जबाबदार माणूस कोण? शाळा कोणती, आणि दिवसाचे किती तास अभ्यासास मिळणार? दुखापत झाली तर वैद्य कोण, व खर्च कोणाचा? आठवड्यांत विश्रांतीचा दिवस आहे काय? मुलास घरीं केव्हांहि, एकांतांत फोन करण्याची मोकळीक आहे काय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आहे काय? संस्था सोडावयाची झाल्यास अटी कोणत्या? मागील पांच वर्षांत जीं मुलें येथून परत गेलीं, तीं आज काय करितात? ह्या शेवटच्या प्रश्नास जी संस्था प्रामाणिकपणें उत्तर देते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. कारण यशस्वी मुलांचीं चित्रें भिंतीवर सर्वच लावतात. आणि एक गोष्ट संस्थेस नव्हे, मुलासच विचारावी: ‘तुला जावयाचें आहे, कीं आम्हांला पाठवावयाचें आहे?’ दहावीपर्यंत घरीं राहून, शाळेच्या संघांतून तालुका, जिल्हा, विभाग व राज्य ह्या पायऱ्या चढतां येतात. १९६० पासून चालत आलेली सुब्रतो करंडकाची स्पर्धा तर शाळांच्याच संघांसाठीं आहे. हा मार्ग हळू आहे, पण ह्यांत मुलाचें बालपण शाबूत राहतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि दोन शब्द. खेळा, मनापासून खेळा. पण गुडघा दुखत असेल तर गुरुजींस सांगा, मन दुखत असेल तर आईस सांगा. निवड झाली तर गर्व नको, आणि न झाली तर लाज नको. निवड करणारीं माणसें तुमची उंची व धांव मोजितात. तुमची किंमत ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीं. आणि चेंडूबरोबर पुस्तकहि धरून ठेवा. कारण पायांचा खेळ तिशी-पस्तिशींत संपतो, व त्यापुढें आयुष्याचा मोठा भाग शिल्लक असतो.

मूल ही ईश्वरानें आईबापांपाशीं विश्वासानें ठेविलेली ठेव आहे. ठेव वाढवावी, जतन करावी, व वेळ आली म्हणजे ज्याची त्यास परत द्यावी. ती कोणत्याहि आशेपायीं, मग ती आशा कितीहि उजळ असो, गहाण टाकावयाची नसते. एवढें ध्यानांत ठेवून जे पालक आपल्या मुलाचा हात धरून मैदानापर्यंत जातील, आणि हार होवो वा जीत, तोच हात धरून त्याला घरीं आणतील, त्यांच्या मुलांस खेळापासून भय नाहीं.